यासोकिचीने परत मागितलेली होडी

यासोकिचीच्या पायाला भिंगरी होती असं म्हणणं म्हणजे भिंगरीचा अपमान. ती निदान कधीतरी थांबते. हा माणूस जेवायला बसला तरी एका हातात वाटी धरून दुसऱ्या हाताने घराच्या खांबावर टकटक करायचा आणि खांब आतून सुका आहे की दमट, ते बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "आधी घास गिळ. खांब कुठं पळून जात नाही."

जपानात नोतोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या कुरोसे गावात होड्या बांधणारा तो एकटाच. मी वल्ही करतो. ही दोन कामं आमच्याकडे वेगळ्या माणसांची. त्याचं लाकूड देवदार, माझं ओक. त्याचं मऊ, माझं कठीण. स्वभाव मात्र लाकडाच्या उलट, असं त्याचं मत होतं. आमच्या दोघांच्या शेडमध्ये एक फळकुटांची भिंत, त्यामुळे जन्मभर मी त्याची टकटक ऐकली आणि त्याने माझ्या शिव्या.

कुणी सिगारेट ओढायला त्याच्या दारात टेकला, की त्याला होडी कशी बांधावी याचं व्याख्यान फुकट. कुणी विचारलेलं नसायचं. स्वतः येरझाऱ्या घालत सांगायचा, म्हणून ऐकणाऱ्याची मान दुखायची.

"फळी विकत घ्यायला जाऊ नका. आधी झाड बघायला जा. सरळ झाड घर बांधणाऱ्याला द्या. बर्फाच्या ओझ्याने बुंध्याशी वाकलेलं असेल ते आपलं. त्याच्या फळीला बाक आधीच असतो, मग तिला वाकवायला आपण निम्मेच कष्ट घ्यायचे. दोन फळ्या जोडायच्या तर शेजारी शेजारी घट्ट दाबून धरा आणि त्यांच्या मधून करवत चालवा. मग त्याहून बारीक दातांची करवत. मग त्याहून बारीक. दोन्ही कडांवर एकाच करवतीच्या खुणा उठल्या, की त्या कडा एकमेकींना सोडत नाहीत. आणि मग लाकूड मारा."

लाकूड मारणं म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने फळीची कड ठोकून ठोकून दाबायची. दबलेली कड जोडली, की होडी पाण्यात गेल्यावर ती पाणी पिते, फुगते आणि सांधा आपोआप आवळला जातो.

"पण आज जेवढं जोडून होईल तेवढंच आज मारा," यासोकिची बजावायचा. "मारलेली कड उघडी राहिली तर हवेतला दमटपणा पिऊन आधीच उठून बसते. मग पाण्यात काय फुगणार, कपाळ? फट राहिलीच तर झाडाच्या सालीचा काथ्या ठासा. पण ज्याला सगळ्याच सांध्यांना काथ्या लागतो, त्याने होड्या सोडून मुळे पिकवावेत. आणि घाई करू नका."

"कोण सांगतंय बघा," मी भिंतीपलीकडून ओरडायचो.

त्याचा बापही मिस्त्रीच. बापाने त्याला काही शिकवलं नाही, फक्त चुकलं की लाकडाचा ठोकळा फेकून मारला. उरलेलं त्याने बघून उचललं. शेजारच्या खाडीतल्या कोळ्याची मुलगी शिमे त्याने बायको म्हणून आणली. मूलबाळ झालं नाही. आणि हा होड्यांचा मिस्त्री होडीत बसला की त्याला ओकारी यायची. धक्क्यापासून दहा हातांवर गेला की चेहरा हिरवा. गावात यावर इतके विनोद झाले होते, की नवीन कुणाला सुचतच नव्हता.

टोकियोत चौसष्ट सालचं ऑलिंपिक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. प्लॅस्टिकच्या होड्या नुकत्याच आमच्या किनाऱ्यावर दिसू लागल्या होत्या. अशा वेळी किहेइने लाकडी होडी बांधायला सांगितली. किहेइ नवीन लग्न झालेला, विधवा आईचा एकुलता एक. खडकांच्या कडेने फिरून शंख-शिंपले आणि समुद्री वनस्पती काढायचं त्याचं काम. त्याला लहान, सपाट बुडाची, खडकाला घासली तरी न रडणारी होडी हवी होती. या कामात माणूस होडीच्या काठावर ओणवा होतो, तळाला काच बसवलेली पेटी दातांत धरून पाण्यावर टेकवतो, तिच्यातून खाली बघतो आणि लांब काठीच्या आकड्याने माल वर काढतो. डोकं खाली, पाठ आभाळाला. मागून लाट येत असली तर ती त्याला दिसत नाही. तो होडीच्या भरवशावर असतो.

यासोकिचीने ती होडी जीव ओतून बांधली. छपराच्या तुळयांपासून खाली बांबूंचे टेके लावून त्याने फळ्या दाबून बसवल्या, गरम पाणी ओतत बाजू वाकवल्या. मी भिंतीच्या फटीतून बघायचो. तोंडावर कधी बोललो नसतो, पण तसं बूड मी दुसरं पाहिलेलं नाही.

होडी पुरी झाली की एकच काम उरतं आणि ते मिस्त्रीने एकट्याने, दार लावून करायचं असतं. पुढच्या आडव्या तुळईत छोटा चौकोनी खळगा खणायचा आणि त्यात होडीच्या देवीच्या वस्तू ठेवायच्या. जुनी नाणी, धान्याचे दाणे, कागदाचे बाहुला-बाहुली, बाईच्या केसांची एक बट आणि दोन लाकडी फासे. फाशांची तोंडं ठरलेली असतात. एक आकाशाकडे, सहा पाण्याकडे, तीन पुढे, चार मागे. मग झाकण ठोकायचं आणि सांधा दिसणार नाही असा रंधा मारायचा. होडी मोडीत निघेपर्यंत ते झाकण उघडायचं नाही. उघडलं तर देवी निघून जाते. फासे उलटे बसले तर देवी राहते, पण रुसून राहते. रुसलेली देवी निघून गेलेल्या देवीपेक्षा वाईट, असं आमच्या बायका म्हणतात. रुसण्यातलं त्यांना जास्त कळतं.

त्या दिवशी यासोकिचीने दार लावलं आणि थोड्याच वेळात धक्क्यावर प्लॅस्टिकच्या होड्या विकणाऱ्यांचा ट्रक येऊन उभा राहिला. वर कर्णा. आधी गाणं, मग एका माणसाचा गोड आवाज: "गळती नाही, डागडुजी नाही, मिस्त्रीची कटकट नाही!"

शेजारचं दार धाडकन उघडलं. यासोकिची बाहेर आला, हातात हातोडी. ट्रककडे बघून त्याने जे काही म्हटलं ते मी इथे सांगत नाही. मग तो आत गेला आणि दार असं आपटलं, की भिंतीला टेकवलेली माझी तीन वल्ही खाली पडली. मी शिव्या घालत ती उचलली. नंतर पलीकडून झाकण ठोकल्याचा आवाज आला.

होडी पाण्यात उतरली तेव्हा गाव जमलं. साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडली, किहेइने समुद्रात तीन फेऱ्या मारल्या, तांदळाच्या गोळ्यांच्या मोची उधळल्या. म्हातारे-कोतारेही पोरांसारखे मोचीवर तुटून पडले. यासोकिचीने एक मोची उचलायला हात खाली नेला आणि तसाच वाकून राहिला.

मग माझ्याजवळ आला. "मी दार आपटलं ते आठवतं?"

"माझी वल्ही विसरली नाहीत."

"झाकण ठोकल्याचा आवाज आधी आला होता की नंतर?"

"नंतर."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. मला वाटलं साके चढली. "फासे लावून मी बाहेर आलो होतो," तो पुटपुटला. "खळगा उघडा होता. दार आपटलं. सगळी शेड हलली. आत येऊन मी पाहिलं का पुन्हा? पाहिलंच असेन. नेहमी पाहतो."

"मग पाहिलं असशील."

"आठवत नाही रे."

संशयाला औषध नाही म्हणतात ते मी त्या माणसाच्या शेजारी राहून शिकलो. दुसऱ्या दिवसापासून तो भल्या सकाळी धक्क्यावर हजर. किहेइ दोरी सोडायला आला की हा होडीत डोकावणार, सांधे चाचपणार, पुढच्या तुळईवर तळवा ठेवून उभा राहणार. किहेइ समुद्रात असेपर्यंत किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. काम पडून राहिलं. शिमेने डब्यात दिलेला भात तसाच परत जायचा.

किहेइ हसायचा. "मिस्त्रीकाका, होडी दिलीत की नुसती बघायला दिलीत? माझी बायको म्हणते, सासू एक होती, आता दोन झाल्या."

"सांधे बघतो रे बाबा. नवीन लाकूड आहे."

"थेंब आत येत नाही, काका. जा, झोपा."

मी त्याला पुष्कळ टोचलं. माझा फाशांवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. समुद्र काय होडीत डोकावून फासे बघतो? पण माणसाचा जीव टांगणीला लागलेला बघवत नव्हता, म्हणून म्हटलं, "सांगून टाक त्या पोराला. मोकळा हो."

"मी मोकळा होईन. तो?" यासोकिची माझ्या शेडमध्ये फिरता फिरता थांबला. "पाण्यात तोंड घालून बसलेल्या माणसाला एकदा का वाटलं, की आपल्या पुढ्यातली देवी रुसलेली असेल, की तो सारखा मान वर काढून मागे बघणार. एका हाताने काम, अर्धं मन घरी. त्याला बुडवायला मग देवीची गरज नाही. शिवाय ओहात्सुबाई होडी जाळून टाकतील."

ओहात्सु ही किहेइची आई. तिच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं होतं.

"मग गप्प बस."

"गप्प बसून तो बुडाला तर?"

मी चिडलो आणि त्याला बाहेर घालवला.

त्यानंतर काही दिवसांनी किहेइ तोंडाला रुमाल लावून परत आला. लाट मागून आली होती, काचेची पेटी वर उसळली आणि पुढचा दात तुटला. या कामात दात तुटतातच. आमच्या गावात पन्नाशीच्या पुढे सगळे दात असलेला एक तर भटजी, नाहीतर मिस्त्री. किहेइ स्वतःच बोबडं बोलून सगळ्यांना हसवत होता. यासोकिची हसला नाही. तो तडक वळला आणि माल निवडायच्या शेडकडे चालू लागला. तिथे गावातल्या बायका पसरलेल्या वनस्पतीतून खडे काढत बसल्या होत्या आणि ओहात्सु मधोमध होती. त्याची चाल बघून मी मागे धावलो.

सगळ्यांसमोर गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावलं.

"ओहात्सुबाई, होडीच्या बुडात कुजकी फळी गेली आहे. माझी नजर चुकली. होडी परत द्या. मी दुसरी बांधून देतो, ताबडतोब."

बायकांचे हात थांबले. ओहात्सु उठून उभी राहिली. "कुजकी? माझ्या पोराच्या खाली कुजकी फळी घातलीस तू? तुझ्या बापाने असं केलं असतं का रे?"

"नाही. त्यांनी केलं नसतं."

"डोळे गेले असतील तर बायकोला विचारून लाकूड घे यापुढे."

"हो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती फळी मी पाहिली होती. तिच्यात कूज तर सोडाच, टाचणीच्या डोक्याएवढा डागही नव्हता. जो माणूस लाकडाबद्दल कुणाचं अक्षर ऐकून घेत नसे, तो तिथे कपाळ टेकून बापाचं नाव ऐकून घेत होता. मी तोंड उघडलं. त्याने न बघता माझा घोटा पकडला आणि असा दाबला, की मी मूग गिळून उभा राहिलो.

बोंब वाऱ्यापेक्षा लवकर पसरली. त्या हिवाळ्यात दोघेजण त्याच्याकडून होड्या बांधून घेणार होते. दोघांनीही प्लॅस्टिकची आणली. सिगारेट ओढायला येणारे येईनासे झाले. एकाने त्याला रस्त्यात विचारलं, "काय मिस्त्री, लाकूड मारायचं असतं ना? तुम्ही तर कुजवलं की." यासोकिचीने मान डोलावली आणि पुढे गेला. मी त्या माणसाला अजून वल्हं करून देत नाही.

नवीन होडीसाठी चांगलं लाकूड वाळवायला वेळ नव्हता. त्याने स्वतःच्या शेडच्या माळ्यावरच्या वाळलेल्या फळ्या उतरवल्या. त्या फळ्या त्याच्या बापाने ठेवलेल्या होत्या. पुन्हा करवत, पुन्हा बारीक करवत, पुन्हा ती हातोडी. देवी बसवायच्या दिवशी त्याने शिमेला दाराबाहेर उभं केलं आणि दार आतून लावलं. भिंतीपलीकडे मीही काम थांबवून बसलो.

"एक वर," आतून आवाज आला.

"ऐकलं," शिमे म्हणाली.

"सहा खाली."

"ऐकलं."

"तीन पुढे. चार मागे. झाकण हातात घेतलंय."

"पुन्हा एकदा बघ आणि मग ठोक."

"बघतोय. तसेच आहेत. ठोकतो."

"ठोक. मी ऐकतेय."

आमच्याकडे असं कुणी कधी केलेलं नाही. देवीचं काम बोलून करत नाहीत आणि बायकोला साक्षीला तर मुळीच ठेवत नाहीत. पण किहेइ ती होडी घेऊन गेला त्या रात्री यासोकिची झोपला. शिमेने मला मुद्दाम येऊन सांगितलं.

उरली जुनी होडी. ती मोडून जळणाला घालणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. यासोकिची करवत घेऊन तिच्याभोवती फिरायचा आणि करवत ठेवून द्यायचा.

"आता तुझीच आहे," मी म्हटलं. "मोडीत काढायची तर झाकण उघडायला हरकत नाही. उघड आणि बघ. सोक्षमोक्ष लाव."

"बरोबर निघाले तर?"

"तर हसू."

"बरोबर निघाले तर मी धडधाकट होडीला कुजकी म्हटलं, बापाच्या नावाला काळं फासलं, सगळं फुकट. उलटे निघाले तर ते पोर मी तितके दिवस मरणाच्या तोंडात पाठवलं. झाकण बंद आहे तोवर मी नुसता म्हातारा आहे. राहू दे मला तसाच."

"मग ठेव अशीच पडून."

"पडून कशी ठेवू? पाण्याबाहेर राहिली की कडा सुकणार, सांधे उघडणार. एका उन्हाळ्यात टोपली होईल तिची." त्याने तिच्या काठावरून हात फिरवला. "होडी पाण्यातच राहायला हवी. पाण्यात राहायची तर कुणीतरी तिच्यातून कामाला जायला हवं. आता दुसऱ्या कुणाला बसवू मी यात?"

मला वाटलं हा नुसता बोलतोय. पण एका सकाळी उजाडताना मी शेड उघडायला आलो, तर हा होडी वाळूवरून ओढत पाण्याकडे नेत होता. डोक्याला फडकं बांधलेलं, होडीत काचेची पेटी, आकड्याची काठी आणि माझ्याकडून कधीतरी उसनं नेलेलं वल्हं. जन्मात वल्हं न मारलेला माणूस.

"डोकं फिरलंय का तुझं? तुला ओकारी येते."

"येऊ दे. समुद्र काही भरून जाणार नाही."

मी होडीचा काठ धरला. तो ओढतोय, मी धरतोय, दोघेही म्हातारे, दोघांनाही धाप लागलेली. तेवढ्यात शिमे आली. पाठीला भाताच्या गोळ्यांचं गाठोडं, पायांत रबरी बूट, बाह्या वर केलेल्या.

"वहिनी, आवरा याला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. यासोकिचीच्या हातातून वल्हं काढून घेतलं. "हे असं धरतात का? देवीचं राहू दे, तूच उलटवशील. सरक पुढे."

"तू येऊ नकोस," यासोकिची म्हणाला. "शिमे, तू नको. मला माहीत नाही आत काय आहे."

"मला माहीत आहे. माझे केस आहेत," ती म्हणाली. "तुझ्या प्रत्येक होडीत मी आधीच बसलेली असते. बस खाली."

तो बसला. पुढच्या तुळईला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात काठांवर. शिमेने पायाने वाळू मागे लोटली, उडी मारून मागे उभी राहिली आणि वल्हं पाण्यात घातलं. कोळ्याची पोर ती. चार हेलकाव्यांत होडी खडकांच्या पलीकडे गेली. यासोकिचीचा चेहरा हिरवा झालेला मला लांबूनही दिसत होता. पण त्याचे हात-पाय हलत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्याला असा स्थिर कधीच पाहिला नव्हता.

मी शेडमध्ये येऊन रंधा हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. उत्तरेकडून वारा थोडा वाढल्यासारखा वाटला, म्हणून बाहेर आलो. वाढला नव्हता. आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. किहेइ नव्या होडीची दोरी सोडत होता. तो म्हणाला, "काका, सकाळपासून काय येरझाऱ्या चालल्यात? आणि मिस्त्रीकाका त्या कुजक्या होडीतून गेले म्हणतात, ते खरं का?"

"फळी बदलली त्याने," मी खोटं बोललो. "तू आपल्या कामाला जा."

तो गेला. मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यांवर हात धरून खडकांकडे बघत राहिलो. फाशांवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी ते दोघं परत येईपर्यंत मला फार भीती वाटत होती.